जुनी हातअवजारे ओळखावी कशी?
जबलपूरच्या हवेली भागातील शेतीच्या साधनांचा परिचय

जबलपूरच्या आसपासच्या खेड्यात एखादे जुने घर पाडले जाते, तेव्हा माळ्यावरून आणि गोठ्याच्या कोनाड्यातून लोखंडाचे अनेक तुकडे खाली येतात. काहींना दांडे असतात, काहींचे दांडे वाळवीने खाल्लेले असतात. एखादे पाते चंद्रकोरीसारखे वाकलेले असते, एखादे तळहातासारखे पसरट असते. घरातील तरुणांना त्यांतील निम्म्या वस्तूंची नावेही सांगता येत नाहीत. वजनावर भंगार घेणारा माणूस दारी येतो आणि तीनचार पिढ्यांनी वापरलेली अवजारे एका पोत्यात भरून घेऊन जातो. त्यांच्याबरोबर ती कशी वापरीत असत हे ज्ञानही जाते, आणि ते पुन्हा कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

शेतीच्या इतिहासाची माहिती देणारे कागद थोडे आहेत. जमिनीचा सारा, पिकाचे उत्पन्न आणि धान्याचे भाव यांच्या नोंदी सापडतात. परंतु शेतकरी कसा वाकत असे, कोणत्या हाताने ओढत असे, किती जोर लावत असे, हे कोणी लिहून ठेवले नाही. ते अवजारावर लिहिलेले असते. अवजार ओळखणे म्हणजे ही लिपी वाचण्यास शिकणे होय. या पुस्तिकेचा हेतू तेवढाच आहे.

प्रदेश आणि माती

कोणतेही अवजार त्याच्या मातीपासून वेगळे करून समजत नाही. जबलपूरच्या पश्चिमेस व उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यात जो सपाट, काळ्या मातीचा पट्टा पसरला आहे, त्याला ‘हवेली’ असे म्हणतात. येथील मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. तिचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. त्यामुळे पावसाळ्यात ही जमीन पायाला चिकटते व उन्हाळ्यात तिला रुंद भेगा पडतात. ओली असताना तिच्यात अवजार घालता येत नाही आणि पूर्ण वाळल्यावर ती दगडासारखी होते. काम करण्याजोगा ओलावा, ज्याला मराठीत ‘वाफसा’ असा नेमका शब्द आहे, तो थोडेच दिवस टिकतो.

या अडचणीवर हवेलीतील शेतकऱ्यांनी एक नामी उपाय शोधला होता. शेताभोवती मातीचा सुमारे मीटरभर उंचीचा बांध घालून ते पावसाचे पाणी शेतातच कोंडून ठेवीत. अशा शेताला ‘बंधिया’ म्हणतात. पावसाळाभर शेत तळ्यासारखे भरलेले राही. पाण्याखाली गुदमरून बहुतेक तण मरून जाई, आणि खालच्या थरापर्यंत ओल मुरे. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी बांध फोडून पाणी सोडून देत, आणि वाफसा येताच गहू, हरभरा, मसूर किंवा जवस यांची पेरणी करीत. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून वाहून जाई, म्हणून बांध कोणी केव्हा फोडावा हे सर्वांनी मिळून ठरवावे लागे. नांगरणीची फारशी गरज उरत नसे. बैलांनी ओढावयाचे मुख्य अवजार म्हणजे वखर. त्यालाच तेथे ‘बखर’ म्हणतात. जमिनीच्या वरच्या थराखालून आडवे लोखंडी पाते सरकवून तो तणाची मुळे कापतो आणि माती भुसभुशीत करतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बैलांची अवजारे शेताच्या मधल्या भागाचे काम करीत. परंतु बांध, त्याची तोंडे, कोपरे, पाट, परसू, बागाईत आणि खळे ही सर्व कामे माणसाच्या हातांनी होत. हातअवजारे या ठिकाणची आहेत.

नावांचा घोटाळा

जबलपूर १७९८ पासून काही वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि पुढे १८६१ ते १९५६ या काळात जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होती. त्यामुळे तेथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि अवजारांची मराठी व हिंदी नावे शेजारी शेजारी ऐकू येतात. मराठी घरातील विळा शेजारच्या घरात हँसिया होतो, टिकाव गैंती होतो, पहार सब्बल होते, वाकस बसूला होतो. खुरपे व खुरपी, फावडे व फावडा, कुदळ व कुदाली ही नावे तर सख्ख्या बहिणींसारखी आहेत. पण नाव सारखे म्हणून वस्तू सारखी असेलच असे नाही. उत्तरेकडील खुरपीचे पाते बहुधा सरळ व पुढे पसरट असते, तर महाराष्ट्राच्या काही भागांत खुरप्याचे पाते वाकवलेले असते. म्हणून ओळख नावावरून सुरू करू नये. वस्तूवरून सुरू करावी आणि नाव शेवटी लिहावे.

ओळखीचे पाच प्रश्न

अनोळखी अवजार हाती आले की पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.

१. काम करणारे टोक कोणते? ते टोकदार आहे, धारदार आहे, दातेरी आहे, की बोथट आहे? टोक शिरते, धार कापते, दाते ओढतात किंवा करवततात, बोथट भाग ठोकतो.

२. धार कोणत्या बाजूला आहे? पात्याच्या पुढच्या कडेला धार असेल तर अवजार ढकलले किंवा आपटले जात होते. वाकाच्या आतल्या कडेला धार असेल तर ते ओढले जात होते.

३. दांडा कसा बसवला आहे? याच्या दोन मुख्य रीती आहेत. जड, आपटावयाच्या अवजारांना आरपार भोक असते. त्याला नेढे म्हणतात. हलक्या, हातात धरून चालवावयाच्या अवजारांच्या पात्यामागे निमुळती शेपटी काढलेली असते. ती तापवून लाकडी मुठीत ठोकतात आणि मूठ चिरू नये म्हणून तिच्यावर लोखंडी कडे चढवतात.

४. पाते व दांडा यांत कोन किती आहे? काटकोनापेक्षा लहान कोन असेल तर माती अंगाकडे ओढली जात असे. दोन्ही एका रेषेत असतील तर माणूस ते समोर ढकलीत किंवा खाली दाबीत असे.

५. झीज कोठे आहे? हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. लोहाराने अवजार कशासाठी घडवले हे आकार सांगतो, पण ते प्रत्यक्षात कशासाठी वापरले गेले हे झीज सांगते.

माती हलवणारी अवजारे

फावडे. पसरट चौकोनी पाते, मागच्या कडेस नेढे, आणि काटकोनापेक्षा लहान कोनात बसवलेला दांडा, ही फावड्याची खूण. ते उचलून मातीत घालतात आणि स्वतःकडे ओढतात. हवेलीतील बांध फावडे व टोपली यांनीच उभे राहिले. ऑक्टोबरात बांध फोडणे आणि दुसऱ्या पावसाळ्यापूर्वी तो बुजवणे हेही त्याचेच काम. बागाइतात पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणे, म्हणजे दारे धरणे, हे फावड्यावाचून होत नाही. पात्यावर चिकटलेली काळी माती वारंवार खरडावी लागते, म्हणून जुन्या फावड्याबरोबर कधी कधी लाकडाची चपटी पट्टी सापडते. ती निरुपयोगी समजून फेकू नये.

कुदळ. हिचे पाते अरुंद, लांब व जाड असते. कठीण जमीन फोडण्यास फावडे का चालत नाही, हे साध्या हिशेबाने कळते. फावड्याची धार २० सेंटिमीटर रुंद आणि कुदळीची ५ सेंटिमीटर रुंद आहे असे समजू. दोन्ही सारख्याच जोराने आपटली, तर कुदळीच्या धारेच्या प्रत्येक सेंटिमीटरवर चौपट जोर पडतो. म्हणून कुदळ शिरते आणि फावडे उसळते. उलट, सुटी माती ओढण्यास कुदळ कुचकामाची ठरते. दोन्ही अवजारे घरात लागतात ती यामुळेच.

टिकाव. याला दोन तोंडे असतात. एक अणकुचीदार व एक चपटे. नेढे मध्यभागी असते. रस्ते, रेल्वे व कालवे यांच्या कामांवर टिकाव, फावडे आणि घमेले ही तिन्ही एकत्र दिसतात. शेतघरात सापडलेला टिकाव कदाचित अशा कामांवरून आलेला असेल, ही शक्यता लक्षात ठेवावी.

कुदळ व टिकाव यांच्या नेढ्यात एक सुंदर युक्ती आहे. दांड्याचे एक टोक जाड ठेवलेले असते आणि तो बारीक बाजूने नेढ्यात घालून पुढे ओढून घेतात. अवजार फिरवताना लोखंडी डोके बाहेरच्या दिशेने ओढ घेते आणि दांड्याच्या जाड टोकावर अधिकाधिक घट्ट बसते. जितके काम करावे तितके ते पक्के होते. पाचरीची गरज राहत नाही, आणि दांडा बदलावयाचा झाल्यास तो उलट ठोकून क्षणात काढता येतो.

पहार. लांब, जड लोखंडी दांडा. एक टोक अणीदार किंवा छिन्नीसारखे चपटे. कुंपणाचे खांब पुरण्यासाठी खड्डे घेणे आणि मोठे दगड उचकटणे ही तिची कामे. दगड उचकटताना पहार तरफेचे काम करते. १५० सेंटिमीटर लांबीच्या पहारीखाली टोकापासून १५ सेंटिमीटरवर लहान दगडाचा टेकू दिला, तर जोराची बाजू १३५ सेंटिमीटर व भाराची बाजू १५ सेंटिमीटर होते. म्हणजे २० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावून १८० किलोग्रॅमचा भार हलतो. जुन्या पहारीवर टोकापासून वीतभर अंतरावर खोलगट घासलेल्या खुणा आढळतात. टेकू तेथेच दिला जात असे.

तण काढणारी अवजारे

खुरपे हे लहान अवजार आहे, पण भारतीय शेतीतील श्रमाचा फार मोठा वाटा त्याने उचलला आहे. खुरपणारी व्यक्ती, आणि ती बहुधा स्त्री असते, उकिडवी बसून पिकाच्या ओळीतून पुढे सरकते. एका हाताने ती तण धरते आणि दुसऱ्या हाताने खुरप्याची धार मातीच्या पृष्ठभागाखाली घालून मूळ कापते. पीक लहान असतानाचे पहिले काही आठवडे सर्वांत महत्त्वाचे असतात. त्या काळात तण पिकाचे पाणी, अन्न आणि प्रकाश हिरावून घेते व पुढे कितीही खुरपले तरी ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून खुरपणीला उशीर चालत नसे, मग ऊन असो की पाऊस.

खुरप्यावर झीज समान नसते. हात एकाच कोनात चालत राहिल्याने पात्याचा एक कोपरा अधिक झिजतो. डावखुऱ्या व्यक्तीच्या खुरप्यावर नेमका विरुद्ध कोपरा झिजलेला दिसतो. नाव ठाऊक नसलेल्या माणसाची एवढी खासगी खूण दुसऱ्या कोणत्याही कागदावर सापडणार नाही.

मात्र एका तणापुढे खुरपे आणि कुदळ दोन्ही हरली. ते तण म्हणजे कांस. हे उसाच्याच कुळातील गवत असून त्याची मुळे व जमिनीखालील खोडे खोल जातात. वरून कापले की खालून पुन्हा फुटते. पाणी कोंडलेल्या बंधियात त्याला आळा बसे, पण जेथे बांध नव्हते किंवा शेत काही वर्षे पडीक राहिले, तेथे कांसाने जमीन व्यापली आणि शेतकऱ्यांनी गावे सोडली. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांसाची जमीन खोल नांगरून काढण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. जे काम हातांच्या व बैलांच्या आवाक्याबाहेर होते, ते कोणते, हे या घटनेवरून स्पष्ट होते. याच गवताचा संकर उसाशी करून कोइमतूर येथील संशोधकांनी ‘को. २०५’ ही काटक उसाची जात १९१८ साली दिली, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. शेतातला शत्रू प्रयोगशाळेत मित्र ठरला.

कापणीची अवजारे

विळ्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकाची धार गुळगुळीत असते. तो वारंवार पाजवावा लागतो. दुसऱ्याच्या धारेवर बारीक दाते पाडलेले असतात. हे दाते मुठीकडे कललेले असतात, कारण विळा ओढताना कापतो, ढकलताना नाही. गव्हाची किंवा भाताची मूठ एका हाताने धरून दुसऱ्या हाताने विळा ओढला की प्रत्येक दाता देठाचा थोडा थोडा भाग करवततो. पाते वाकलेले असल्यामुळे देठ निसटत नाहीत, वाकाच्या पोटात गोळा होतात. दात्यांचे खाचे पात्याच्या एकाच बाजूने कापलेले असतात. उजव्या हाताने कापणाऱ्यासाठी घडवलेला विळा डावखुऱ्याच्या हातात नीट चालत नाही तो यामुळे.

जुन्या गुळगुळीत विळ्याचे पाते मध्यभागी अरुंद झालेले असते. वर्षानुवर्षे पाजवल्याने तेथील लोखंड संपत जाते. नवा रुंद विळा आणि जुना बारीक विळा ही दोन वेगळी अवजारे आहेत असे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः ती एकाच अवजाराची बालपण आणि वार्धक्य अशी दोन रूपे होत.

कोयता विळ्यापेक्षा जड असतो. त्याचे पाते जाड असून वाक थोडा असतो किंवा फक्त टोकाशी असतो. विळा करवततो, कोयता घाव घालतो. म्हणून कोयत्याचे वजन पुढच्या भागात ठेवलेले असते. ऊस तोडणे, फांद्या छाटणे, काटेरी कुंपण साफ करणे ही त्याची कामे. बोटावर तोलून पाहिले असता समतोलाचा बिंदू मुठीपासून दूर पुढे आढळला, तर अवजार घाव घालण्याचे आहे असे समजावे.

राखणीची आणि खळ्यावरची साधने

सर्व अवजारे लोखंडाची नसतात. दोरीची विणलेली, मध्ये रुंद पट्टी असलेली एखादी वस्तू सापडली, तर ती जनावराचे दावे आहे असा समज होतो. परंतु तिच्या एका टोकाला बोट अडकवण्याजोगा फास असेल आणि दुसरे टोक मोकळे असेल, तर ती गोफण होय. मधल्या पट्टीत खडा ठेवून ती डोक्याभोवती फिरवतात आणि योग्य क्षणी मोकळे टोक सोडतात. दोरीमुळे हाताची लांबी जणू वाढते, आणि तेवढाच वेग खड्याला अधिक मिळतो. माळ्यावर उभे राहून पिकावरची पाखरे हाकण्यासाठी ती वापरीत.

खळ्यावर बैलांच्या पायांखाली मळणी झाली की पेंढा व गुळी उचलण्यासाठी लाकडी दात्यांचे दाताळे लागे. नंतर उफणणी. माणूस उंच तिवईवर उभा राहून सुपातून किंवा टोपलीतून मळलेला माल सावकाश खाली सोडीत असे. सर्व कण एकाच उंचीवरून पडतात, पण दाणा जड व आटोपशीर असल्याने जवळजवळ सरळ खाली येतो आणि हलका भुसा वाऱ्याबरोबर दूर जातो. वारा पडला की काम थांबे. खळ्यावर सापडणाऱ्या तिवईच्या पावठीवर पाय घासून झालेला खोलगटपणा दिसतो. त्यामुळे ती साध्या घडवंचीहून वेगळी ओळखता येते.

लोखंड कोठून आले?

अवजाराचे वय ठरवताना त्याचे लोखंड पाहावे. जबलपूर व मंडला या जिल्ह्यांच्या परिसरात अगरिया समाजाचे लोक मातीच्या लहान भट्ट्यांत कोळशाच्या आचेवर लोहखनिजापासून लोखंड काढीत असत. भट्टीला वारा घालण्यासाठी ते पायांनी चालवावयाचे भाते वापरीत. व्हेरिअर एल्विन यांनी या समाजावर लिहिलेला ग्रंथ १९४२ साली प्रसिद्ध झाला. या भट्टीत लोखंड वितळून पातळ होत नाही. मळी मिसळलेला सच्छिद्र गोळा तयार होतो आणि तो ठोकून ठोकून मळी बाहेर काढावी लागते. तरीही थोडी मळी आत राहते. असे लोखंड गंजले म्हणजे त्यावर लाकडाच्या रेषांसारख्या रेषा उमटतात. कारखान्यातील पोलाद गंजल्यावर सर्वत्र सारखेच दिसते.

मार्च १८७० मध्ये मुंबईहून आणि कलकत्त्याहून येणारे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. त्यानंतर बाहेरचे लोखंड स्वस्तात येऊ लागले आणि स्थानिक भट्ट्या हळूहळू विझल्या. पुढे टाटांच्या ‘अ‍ॅग्रिको’सारखी शिक्का मारलेली, साच्यातून दाबून काढलेली फावडी बाजारात आली. पात्यावर शिक्का असेल तर ते अवजार कारखान्यातील. हातोडीचे ठोके दिसत असतील व दोन बाजू किंचित असमान असतील, तर ते लोहाराच्या ऐरणीवरचे.

लोहाराची कसोटी धारेत असते. तो पाते लाल तापवून पाण्यात बुडवतो. याला पाणी देणे म्हणतात. लोखंडात पुरेसा कर्ब असेल तरच या क्रियेने धार कठीण होते. नुसते मऊ लोखंड कितीही बुडवले तरी मऊच राहते. पाणी जास्त झाले तर धार ठिसूळ होऊन तुकडे उडतात, कमी झाले तर धार मुडपते. जुन्या विळ्याची धार कशी बिघडली आहे हे पाहून लोहाराचे कसब आजही पारखता येते.

दांड्याचे लाकूडही कामाप्रमाणे निवडलेले असे. बाभूळ कठीण व चिवट, तर धामण लवचिक, धक्का सोसणारी. कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा असला तर हाताला झिणझिण्या कमी येतात.

एक उदाहरण

समजा, एका शाळेच्या संग्रहात तळहाताएवढे चपटे लोखंडी पाते आले आहे. मागे शेपटी आहे, मूठ नाही. ते शेतकऱ्याचे खुरपे असेल की गवंड्याची करणी?

प्रथम शेपटी पाहावी. करणीची मान वर वाकवलेली असते, कारण गवंड्याला पाते भिंतीला टेकवून सरकवावे लागते आणि बोटे भिंतीला लागू द्यावयाची नसतात. खुरप्याला असा मोठा बाक लागत नाही. नंतर धार पाहावी. करणीच्या कडा बोथट असतात, खुरप्याची पुढची कड पाजवलेली असते. मग जाडी पाहावी. करणी पातळ व लवणारी, खुरपे जाड व ताठ. शेवटी झीज पाहावी. करणीची झीज कडांवर सर्वत्र असते, खुरप्याची एका कोपऱ्यात. चारही उत्तरे एकाच दिशेस गेली तर निर्णय पक्का. तीन एका बाजूस व एक दुसऱ्या बाजूस गेले, तर एका कामासाठी घडवलेले अवजार दुसऱ्या कामास लावले गेले असावे. गरिबाच्या घरी असे नेहमी घडते, आणि ती नोंद लपवू नये.

वाकस आणि लहान फावडे यांतही असाच गोंधळ होतो. दोघांचेही पाते दांड्याला आडवे असते. परंतु वाकस सुताराचा असून त्याची धार आतल्या बाजूने तासलेली व वस्तऱ्यासारखी तीक्ष्ण असते. फावड्याची धार मातीने गोलसर झालेली असते.

बदललेला काळ

१८८९ साली भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात देशी शेतकऱ्याच्या कौशल्याची मोकळेपणाने प्रशंसा केली. परंतु कौतुकाच्या भरात या अवजारांमागचे कष्ट विसरणे योग्य नाही. दिवसभर उकिडवे बसून खुरपल्याने गुडघे आणि कंबर झिजतात. फावड्याने दिवसभर माती ओढणाऱ्याचा पाठकणा अवजाराइतकाच वाकतो. लोखंड झिजलेले दिसते, शरीर झिजलेले कोणी संग्रहात ठेवीत नाही.

म्हणून अवजारे सुधारण्याचे प्रयत्न आवश्यकच होते. जबलपूरला १९६४ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याला पुढे जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले. १९७६ साली भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था सुरू झाली आणि तिने हलके दातेरी विळे व उभ्याने चालवता येणारी तण काढण्याची हातअवजारे तयार केली. १९८९ पासून जबलपूरलाच तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र आहे. ते आता तण संशोधन संचालनालय म्हणून ओळखले जाते. दुसरीकडे, सोयाबीनसारखे पावसाळी पीक आल्यावर शेतात पाणी कोंडून ठेवणे परवडेनासे झाले, आणि हवेलीतील पुष्कळ बांध मोडले. ज्या फावड्यांनी ते बांध घातले होते, ती कोपऱ्यात पडली. पाणी कोंडून तण मारण्याची आणि ओल साठवण्याची जी रीत त्या बांधांत होती, तिचा विचार मात्र पाणीटंचाईच्या काळात पुन्हा करावासा वाटतो. ती रीत समजून घेण्यासाठी फावडे ओळखता आले पाहिजे.

संग्रह कसा करावा?

शाळांना व ग्रंथालयांना थोड्या खर्चात असा संग्रह करता येईल. त्यासाठी काही नियम पाळावेत. मिळालेले अवजार घासून चकचकीत करू नये, कारण त्यामुळे झिजेच्या खुणा नष्ट होतात. कोरड्या फडक्याने माती पुसून लोखंडावर यंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. तुटलेला दांडा फेकू नये आणि त्याच्या जागी नवा बसवू नये. धार तपासण्यासाठी बोट फिरवू नये, गवताची काडी फिरवून पाहावी.

प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड ठेवावे. त्यावर गावाचे नाव, वस्तू देणाऱ्याने सांगितलेले नाव त्याच्याच बोलीत, लांबी, वजन, दांड्याचे लाकूड, झिजेची जागा आणि वापरण्याची रीत लिहावी. वापरण्याची रीत शब्दांत सांगणे वृद्धांना अवघड जाते. त्यांच्या हातात अवजार द्यावे. हात आपोआप योग्य जागी बसतो आणि अंगठा मुठीवरील झिजलेल्या खोबणीत जाऊन थांबतो. तेव्हाच चित्र काढून घ्यावे.

मराठी घरांत खंडेनवमीला अवजारे धुऊन, पुसून त्यांची पूजा करतात. विद्यार्थ्यांना अभ्यास सुरू करण्यास हा दिवस चांगला आहे. त्या दिवशी पाटावर मांडलेल्या प्रत्येक वस्तूविषयी घरातील सर्वांत वडील माणसाला पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्याच दिवशी वहीत उतरून घ्यावीत. पुढच्या वर्षी पाटावर अवजार असेल, पण त्याविषयी सांगणारे माणूस असेलच असे नाही.